वाचनालयाचा बालविभाग: दिव्यांग मुलांसाठी नियमावली कशी लिहावी?

वाचनालय_सचिव: आमचं तालुका 'ब' वर्ग वाचनालय आहे. मसुद्यात सध्या दोनच कलमं आहेत: 'प्रमाणपत्र असल्यास सवलत' आणि 'सोबत पालक आवश्यक'. दारात १५ सेंमीच्या तीन पायऱ्या. आणखी काय घालावं?

विशेष_शिक्षिका: आधी ती दोन्ही कलमं खोडा. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी योजनांना लागतं. पुस्तक चार आठवडे ठेवायला कशाला हवं? कागद मागितला की निदान न झालेली मुलं बाहेर राहतात, आणि डिस्लेक्सियाची (अक्षरं वाचायला-लिहायला अडचण येणारी) कित्येक मुलं वर्षानुवर्षं 'आळशी' म्हणूनच ओळखली जातात. अर्जात आजाराचं नाव नको, 'वाचायला-बसायला काय लागेल?' एवढंच विचारा. पालकांची अट बाकी मुलांना नसेल तर यांनाही नको.
देवघेवीच्या टेबलावर मुलाशी बोला, आईशी नाही. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेलं मूल शब्द जुळवत असतं. मध्येच दुसरा प्रश्न टाकलात की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

उतार_मोजणारा: तिन्ही पायऱ्यांची मिळून उंची ४५ सेंमी. १:१२ उतार (१ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी) धरला तर रॅम्प ५.४ मीटर लांब, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी, उंबरा काढा. गुळगुळीत टाइल नको, पावसाळ्यात व्हीलचेअरची चाकं घसरतात. आणि रॅम्पवर दुचाक्या लावायच्या नाहीत हे नियमावलीतच लिहा. बहुतेक रॅम्प तिथेच बंद पडतात.

स्क्रीनरीडर: अंध मुलांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासून. स्वतः पुस्तक सुलभ रूपात (ब्रेल, ऑडिओ वगैरे) करायचं तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडबी) बघा: नफा नको, आणि प्रत दिव्यांग वाचकांपुरतीच. घोळ फॉन्टचा होतो. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) मराठी फाइल पडद्यावर छान दिसते, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचतो. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. नुसत्या स्कॅनचा तर आवाजच येत नाही, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करावं लागतं.

वाचनालय_सचिव: कलमं खोडली. पण दारासमोर सरळ चारच मीटर जागा आहे.

उतार_मोजणारा: मग भिंतीला लागून काटकोनात वळवा, वळणावर दीड बाय दीड मीटरचा सपाट टप्पा. उतार वाढवून लांबी वाचवू नका; १:८ वर बहुतेक मुलांना स्वतःच्या हातांनी चढता येत नाही, कुणाला तरी ढकलावं लागतं.