अनुभव धागा: जोडीदाराशिवाय अमेरिकन ग्रीन कार्डाची मुलाखत

मंगळवार पेठ
धाकट्या बहिणीची मुंबईत ग्रीन कार्डासाठी मुलाखत आहे. मेहुणे अमेरिकन नागरिक, तिकडेच असतात, त्यांना रजा मिळत नाही. नवरा शेजारी नसला की लग्न खोटं ठरवतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. पोरगी धड जेवत नाही. नियम वाचलेत, पण जे एकटे जाऊन आले त्यांच्याकडून ऐकायचंय. घरच्यांनीही लिहा.

राजारामपुरी
ताई, तिला आधी पोटभर जेवू घाला. मुंबईच्या मुलाखतीचं बोलावणं अर्जदाराला असतं, तिकडच्या नवऱ्याने यायची सक्तीच नाही. मीही एकटीच होते. महालक्ष्मी एक्सप्रेसने बाबा सोबत आले, पण बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या बाहेरच थांबले. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे चॅट असोत की फोटो, सगळं कागदावर हवं. खिडकीपलीकडच्या बाईंनी उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली. ओळख कशी झाली, ते काम काय करतात, त्यांच्याकडून लग्नाला कोण कोण होतं, असं विचारलं. मग अंबाबाईच्या महाद्वारातल्या आमच्या फोटोवर बोट ठेवलं, "हे फेटेवाले कोण?" थोरले दीर. ते कुठे असतात, काय करतात, तेही सांगितलं. स्वतःच्या संसाराची माहिती तोंडावर असली की शेजारची रिकामी जागा कुणी बघत नाही.

इचलकरंजी
माझं उलटं. बायको तिकडे ग्रीन कार्डवर, मी इथून गेलेला. लग्नाबद्दल दोन-तीनच प्रश्न झाले, अडलं ते आय-८६४ वर, म्हणजे बायकोने माझ्या खर्चाची हमी दिलेल्या फॉर्मवर. तिचे टॅक्सचे नवे कागद मागितले आणि हातात २२१(जी) चं, म्हणजे कागद अपुरे असल्याने व्हिसा अडवल्याचं पत्र आलं. घरी सगळे हबकले. पण तो कायमचा नकार नव्हे, मागितलेले कागद दिल्यावर काम पुढे सरकतं. माझंही सरकलं. तेव्हा मेहुण्यांकडून ताजे कागद आत्ताच मागवून घ्या.

कळंबा, सध्या न्यू जर्सी
एक गोष्ट कळकळीने सांगते. हे सगळं मुंबईपुरतं. अमेरिकेत राहून लग्नाच्या आधारावर आय-४८५ (तिथूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरलं असेल तर मुलाखतीला सहसा दोघांनाही बोलावतात. आमचे हे ऐनवेळी दवाखान्यात होते. वकिलांनी मला एकटीला जाऊ दिलं नाही, डॉक्टरांचं पत्र जोडून दुसरी तारीख मागितली. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

उत्तरेश्वर पेठ
लेकीसंगं मी गेलते. भाईर बसून जीव नुसता टांगणीला. आत काय चाललंय कळंना. पर जावई तिकडं रात्रभर जागा हुता, दर थोड्या वेळानं मलाच फोन, "आई, आली का ओ भाईर?" आली तवा पोरगी पहिल्यांदा त्याच्याशीच बोलली.

मंगळवार पेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बहीण शेजारी बसून वाचतेय. ती विचारते, लग्नाला अजून २ वर्षं झाली नाहीत, त्याने बिघडेल का?

राजारामपुरी
बिघडत नाही. २ वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचली तर कार्ड २ वर्षांचं, अटींवरचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे अटी काढायचा अर्ज भरायचा, त्यावर मात्र दोघांच्या सह्या. एकत्र बँक खातं, भाडेकरार, विमा हे पोचल्यापासूनच दोघांच्या नावावर ठेवा.