बँकेचं 'इतर उत्पन्न' नफ्यात धरायचं का?

गुहागरकर:
आंब्याचे पैसे हातात आले की आमच्याकडे बरेच जण बँकांचे शेअर घेतात, आणि निकालात बघतात फक्त निव्वळ नफा. माझं म्हणणं, आधी 'इतर उत्पन्न', म्हणजे व्याजाशिवायची कमाई, वजा करा, मग काय उरतं ते बघा. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) 6.5 टक्क्यांवरून 5.25 वर आणला. दर उतरले की जुन्या रोख्यांचे भाव चढतात आणि ते विकून नफा फुगतो. पुढच्या वर्षी तो कुठून आणणार? हापूसचा हिशेब मांडताना बागायतदार विकलेल्या जमिनीचे पैसे त्यात धरत नाही.

वेंगुर्लेकर:
अजिबात पटलं नाही. एसएलआर (वैधानिक तरलता प्रमाण) या नियमापोटी ठेवी व इतर देण्यांच्या 18 टक्के रक्कम बँकेला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. मग रोखे सांभाळणं, विकणं हा धंदाच झाला की! लेखा मानक 17, म्हणजे निकाल धंद्याच्या विभागांनुसार मांडायचा नियम, हेच सांगतं. खत कारखान्याच्या विभागवार निकालात व्याज, लाभांश, गुंतवणूक विकल्याचा नफा धरत नाहीत. विभागाचं कामच मुख्यतः वित्तीय असेल तर मात्र धरतात. म्हणून बँकेच्या निकालात कॉर्पोरेट, रिटेल आणि इतर बँकिंग यांच्या बरोबरीने 'ट्रेझरी', म्हणजे रोखे-गुंतवणुकीचं काम, हा वेगळा विभाग असतो. कारखान्याला एफडीवर मिळणारं व्याज बिगर-कामकाजी, म्हणजे मूळ धंद्याबाहेरचं, म्हणा, हरकत नाही. बँकेला तो नियम लावू नका.

चिपळूणची सीए:
दोघांनीही वार्षिक अहवालातलं परिशिष्ट 14 उघडा. 'इतर उत्पन्न' तिथे फोडून दिलेलं असतं. कमिशनच्या ओळीत लॉकरचं भाडं, बँक गॅरंटी आणि एलसी (व्यापारातलं हमीपत्र) यांचं शुल्क. खाली गुंतवणूक विक्रीचा नफा, मग जमीन-इमारत विक्रीचा, परकीय चलनाचा, उपकंपन्यांचा लाभांश, आणि शेवटी 'संकीर्ण'. बऱ्याच बँका निर्लेखित (बुडीत धरून वहीतून काढलेल्या) कर्जांची वसुली या संकीर्णमध्येच दाखवतात, ती ओळ नीट बघा. लॉकरचं भाडं दरवर्षी येतं, इमारत एकदाच विकली जाते. गुहागरकर, तुम्ही सगळंच वजा केलंत तर लॉकरचं भाडंही गेलं.

गुहागरकर:
लॉकर, गॅरंटी ठेवा. पण वेंगुर्लेकर, ट्रेझरी विभागात दाखवला म्हणून नफा टिकाऊ होत नाही. एप्रिल 2024 पासूनचे नियम बघा: मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून घेतलेले रोखे विकले, तर नफा आधी नफा-तोटा पत्रकात येतो आणि मग, कर वगैरे वजा जाता, भांडवली राखीव निधीत टाकावा लागतो. रिझर्व्ह बँकच तो वाटू देत नाही, मग आपण त्यावर शेअरचा भाव का ठरवायचा?

वेंगुर्लेकर:
तेवढ्या रोख्यांपुरतं मान्य. बाकी ट्रेझरी मी धरणारच, पण एका तिमाहीवरून नाही. दर चढले तेव्हाची आणि उतरले तेव्हाची, दोन्ही वर्षं घेऊन सरासरी काढेन.

चिपळूणची सीए:
काढा. सोबत विभागवार निकालातला 'अनअलोकेटेड' रकानाही तपासा. कुठल्याच विभागात न बसलेल्या रकमा तिथे जातात. तो आकडा अचानक वाढला असेल तर टिपा वाचल्याशिवाय शेअर घेऊ नका.