मदत हवी आहे: हार्ड डिस्क टकटक वाजतेय, आईचा आवाज त्यात अडकलाय

नमस्कार मंडळी. माझी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क परवापासून बिघडली आहे. जोडली की आधी फिरल्याचा आवाज येतो, मग टक... टक... टक असं सात-आठ वेळा होऊन ती बंद पडते. एकदा ड्राइव्ह दिसला, पण विंडोज थेट फॉरमॅट करायचं का विचारू लागलं. मी नाही म्हटलं. केबल आणि पोर्ट बदलून पाहिले, फरक नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तिने नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंग्ज फक्त याच डिस्कवर आहेत. बाकीचं गेलं तरी चालेल, तेवढी हवीत.

चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) दुरुस्ती करताना डिस्कवरच लिहितं, म्हणून ते चालवलेलं नाही. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं टूल) आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब सेक्टर, म्हणजे न वाचता येणारे तुकडे, नंतरसाठी ठेवतं, हे माहीत आहे. पण असा आवाज येत असताना ते एकदा तरी चालवावं का? डेटा वाचणारं हेड आतल्या प्लेटवर घासत असेल तर उरलंसुरलंही जाईल, ही धास्ती आहे. की तशीच बंद ठेवून क्लीन रूम (डिस्क उघडण्यासाठी धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडे द्यावी? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

शिवाय यापुढे तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, असं ठेवायचं ठरवलंय. घराबाहेरच्या प्रतीसाठी तुम्ही काय वापरता?