जोडधंदा म्हणून ऑनलाइन विक्री आणि प्रिंट ऑन डिमांड : तुमची कामाची रीत सांगा

ऑर्डर आली की मगच छापायचे आणि घरात साठा ठेवायचा नाही, त्यामुळे या धंद्याला भांडवल कमी लागते. पण त्याच कारणाने पैसा कुठे गळतो तेही पटकन दिसत नाही. जे हे काम नियमित करतात त्यांनी आपापल्या मालाबद्दल लिहावे: फाइल कशी करता, किंमत कशी लावता, कुठे फसगत होते. कमाईचे आकडे नकोत, रीत हवी.

किंमत लावणे

हिशेबापासून सुरुवात करते. विक्रीची किंमत १०० धरा, पाठवणी ग्राहकाला मोफत. वस्तू आणि छपाई ४५, पाठवणीचा आपला खर्च १५. एट्सी या ऑनलाइन बाजाराचे विक्रीशुल्क ६.५ टक्के. पाठवणी वेगळी आकारली तरी त्या रकमेवरही ते लागते, हे बरेच जण विसरतात. पैसे स्वीकारण्याचे शुल्क देशागणिक बदलते, आपण ४ टक्के धरू. हाती उरले २९.५. ती विक्री एट्सीने बाहेरच्या संकेतस्थळांवर दिलेल्या जाहिरातीतून आली असेल, तर आणखी १५ टक्के जातात आणि उरतात १४.५.

आता यावर २० टक्के सूट लावा. किंमत ८०, शुल्के ५.२ आणि ३.२, खर्च तोच ६०, म्हणजे शिल्लक ११.६. त्यातून जाहिरातीचे १२ गेले की प्रत्येक विक्री तोट्यात. ऑर्डरी भरपूर दिसतात, खात्यात काही जमत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. सूट ठरवताना नेहमी सगळी शुल्के लागलेली विक्री समोर ठेवा. मागच्या ३६५ दिवसांतली विक्री १० हजार डॉलरच्या आत असेल तर ही बाहेरची जाहिरात बंद करता येते. तो आकडा एकदा ओलांडला की दर १२ टक्के होतो, पण बंद करण्याची सोय राहत नाही. लिस्टिंगचे, म्हणजे वस्तू विक्रीला मांडण्याचे, ०.२० डॉलर वेगळे, ते दर चार महिन्यांनी आणि प्रत्येक विक्रीनंतर पुन्हा लागतात.

किंमत काढायची रीत अशी: एकातून शुल्कांचा वाटा आणि हवा असलेला नफा वजा करा, आणि खर्चाला त्या आकड्याने भागा. खर्च ६०, शुल्के ०.१०५ (६.५ आणि ४ टक्के मिळून), नफा ०.३०, तर ६० भागिले ०.५९५, म्हणजे साधारण १०१. याऐवजी खर्चावरच ४० टक्के चढवले तर किंमत ८४ येते आणि शुल्के जाऊन नफा जेमतेम १८ टक्के राहतो. आपण स्वतः जाहिरात देत असू आणि शंभर क्लिकमागे दोन विक्री होत असतील, तर २९.५ च्या नफ्यावर क्लिकला ०.५९ ही शेवटची मर्यादा. तिथे नफा शून्य होतो.

टी-शर्टची फाइल

४५०० बाय ५४०० पिक्सेल, ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. छापताना हे १५ बाय १८ इंच होते. छोटे चित्र ताणून हा आकडा गाठता येतो, पण कडा फुटतात. अक्षरे आणि आकृत्या व्हेक्टरमध्येच (मोठे केले तरी कडा न फुटणाऱ्या प्रकारात) करा, पीएनजी अगदी शेवटी काढा. डिझाइन रुंद आणि बुटके असेल तर ते कॅनव्हासच्या मध्यावर न ठेवता वरच्या कडेला लावा. नाहीतर छाती मोकळी राहते आणि चित्र पोटावर येते.

सगळ्यात जास्त तक्रारी अर्धपारदर्शक भागांमुळे येतात. डीटीजी पद्धतीत, म्हणजे यंत्र थेट कापडावर शाई छापते तेव्हा, गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर पडतो, त्यावर रंग. पडद्यावर हळूहळू विरत जाणारी सावली किंवा चमक दिसते छान, पण यंत्र तिच्याखालीही पांढरे टाकते आणि कापडावर पांढुरके डाग उमटतात. म्हणून प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण भरलेला हवा, नाहीतर पूर्ण रिकामा. सावली हवीच असेल तर ती हाफटोनच्या, म्हणजे लहानमोठ्या पूर्ण भरलेल्या, ठिपक्यांतून करा. फाइल पाठवण्याआधी तिच्याखाली भडक हिरवा थर ठेवून ४०० टक्के झूमवर कडा तपासा. पार्श्वभूमी काढताना राहिलेली पांढरी किनार आणि इकडेतिकडे सांडलेले एकटे पिक्सेल तेव्हाच दिसतात.

काळ्या शर्टावर काळा रंग छापू नका. डिझाइनमधला काळा भाग कापून तिथे कापडच दिसू द्या. छापलेला काळा कापडाच्या काळ्याशी जुळत नाही आणि भोवती चौकोन उठून दिसतो. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत ठेवा आणि पडद्यावरच्या निऑन छटांवर भरवसा ठेवू नका, नेहमीच्या शाईत त्या उतरत नाहीत. डीटीजीची शाई सुती कापडावर चांगली बसते. 'हेदर' म्हणजे मिश्र धाग्यांच्या छटांच्या शर्टांत बहुधा पॉलिएस्टर मिसळलेले असते, त्यावर तेच डिझाइन फिके दिसते. लिस्टिंगमध्ये पंधरा रंग देण्यापेक्षा ज्यावर डिझाइन खुलते असे चार-पाच द्या.

वरच्याला जोडून : डीटीएफ आणि भरतकाम

डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर छापतात, त्यावर वितळणारी चिकट पूड टाकतात आणि उष्णतेने ते कापडावर दाबतात. सुती, पॉलिएस्टर, मिश्र, सगळ्यावर चालते. अडचण मोठ्या सलग भागाची. तिथे अंगावर प्लास्टिकचा पत्रा घातल्यासारखे वाटते आणि हवा खेळत नाही. असे डिझाइन रेषांनी, मोकळ्या जागांनी तोडून घ्या.

भरतकामाला वेगळी फाइल लागते. रेषा १.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, अक्षरांची उंची किमान ६ मिलिमीटर, रंगांचे संक्रमण अजिबात नको. टी-शर्टचेच डिझाइन लहान करून टोपीवर टाकले की अक्षरांची पोकळी धाग्याने बुजते.

मग

यात सांगण्यासारखे थोडेच आहे. सब्लिमेशनला (उष्णतेने शाई लेपात उतरवण्याच्या पद्धतीला) पॉलिमरचा लेप असलेला मग लागतो आणि पांढरी शाई नसते, पांढरे म्हणजे मगाचा मूळ रंग. चित्र दोन्ही बाजूंना द्या, डावखुऱ्यांनाही ते समोर दिसते. मगाच्या कानाजवळ, म्हणजे धरायच्या जागेजवळ, महत्त्वाचे काही ठेवू नका.

वह्या, डायऱ्या, पुस्तके

केडीपीवर (अॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेवर) पेपरबॅकला किमान २४ पाने लागतात. कण्यावर मजकूर हवा असेल तर ७९ पेक्षा जास्त. कण्याची जाडी पानांच्या संख्येवरून निघते: पांढरा कागद दर पानाला ०.००२२५२ इंच, क्रीम ०.००२५. २०० पानी, ६ बाय ९ इंचाचे क्रीम कागदाचे पुस्तक असेल तर कणा ०.५ इंच, सगळ्या कडांना ०.१२५ इंच ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), आणि मुखपृष्ठाची फाइल १२.७५ बाय ९.२५ इंच. आतला कागद नंतर पांढरा केला तर कणा ०.४५ होतो, मुखपृष्ठ मात्र जुनेच राहते आणि कण्यावरचे नाव सरकते. आधी पानांची संख्या आणि कागद पक्के करा, मुखपृष्ठ मग. शिवणीकडचा समास १५० पानांपर्यंत ०.३७५ इंच, त्यापुढे ३०० पर्यंत ०.५.

जून २०२५ पासून ९.९९ डॉलरखालच्या छापील पुस्तकाला ६० ऐवजी ५० टक्के रॉयल्टी आहे, आणि छपाईचा खर्च त्यातून वजा होतो. स्वस्त वह्यांचे जुने हिशेब आता लागू पडत नाहीत. मजकूर किंवा चित्रे एआयने तयार केलेली असतील तर ते अपलोड करताना सांगावे लागते. फक्त रेघा मारलेल्या वह्यांत गर्दी फार झाली आहे. एखाद्या कामाची नोंदवही, तीही ते काम करणाऱ्याला विचारून आखलेली, अजूनही विकली जाते, कारण रकाने बरोबर असले की तोच ग्राहक दुसरी वही मागतो.

शब्द आणि हक्क

एट्सीवर १३ टॅग, म्हणजे शोधशब्द, मिळतात, प्रत्येकी २० अक्षरांचे. एकेरी शब्द घालून ते वाया घालवू नका. दोन-तीन शब्दांचे, ग्राहक शोधताना खरोखर टाकेल असे घ्या, आणि कुणासाठी, कुठल्या प्रसंगासाठी हे त्यात येऊ द्या. सणासुदीचा माल आठ-दहा आठवडे आधी टाका. गर्दीच्या काळात छापणाऱ्यांकडेही उशीर होतो, त्यामुळे शेवटची तारीख लिस्टिंगमध्येच लिहा.

छातीवरचे साधे दोन शब्दही कुणाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असू शकतात. डिझाइन करण्याआधी शोध घ्या, आणि आपण राहतो त्या देशापेक्षा जिथे माल विकतो तिथला घ्या: अमेरिकेसाठी तिथले ट्रेडमार्क कार्यालय यूएसपीटीओ, युरोपसह बऱ्याच देशांसाठी टीएमव्ह्यू हे शोधसाधन, शिवाय वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) ग्लोबल ब्रँड डेटाबेस. ट्रेडमार्क नोंदणीत कपड्यांचा वर्ग २५, छापील कागदी मालाचा १६, मगांचा २१. फाँट 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असेल तर तो विक्रीच्या मालावर चालत नाही. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनातले तयार चित्र जसेच्या तसे वस्तूवर छापून विकायलाही परवानगी नाही. छपाई दुसरीकडून होत असेल तर एट्सीवर तो उत्पादन भागीदार जाहीर करावा लागतो.

तक्रारी

फाटलेली किंवा चुकीची छापलेली वस्तू छापणारी कंपनी सहसा पुन्हा पाठवते, पण ठरलेल्या मुदतीत फोटो द्यावा लागतो. माप बसले नाही तर मात्र खर्च आपला. किंमतीच्या वरच्या हिशेबात ६० चा खर्च म्हणजे दोन विक्रींचा सगळा नफा. ग्राहक सपाट ठेवलेल्या शर्टाची रुंदी आणि छातीचा घेर यांत गल्लत करतात. म्हणून तक्त्याच्या वर एक ओळ ठळक लिहा: 'तुम्हाला नीट बसणारा शर्ट टेबलावर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, तोच आकडा तक्त्यात पाहा.' प्रत्येक नव्या वस्तूचा एक नमुना स्वतः मागवा, उलटा करून काही वेळा धुवा, मगच विक्रीला लावा. त्याचेच फोटो काढा, तयार मॉकअपपेक्षा (संगणकावर बनवलेल्या नमुनाचित्रांपेक्षा) त्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

साठा ठेवून विकणाऱ्यांसाठी

कुरिअरचा दर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० ची पेटी आतून हलकी असली तरी ४.८ किलो धरली जाते. उंची १५ केली तर ३.६. तयार पेट्या घेण्याआधी सर्वांत जास्त खपणारी वस्तू गुंडाळून मोजा, चारही बाजूंना साधारण दोन सेंटिमीटर भरण सोडा, आणि त्याच मापाची पेटी मागवा.