मदत हवी आहे: स्क्रोल सॉचं बेअरिंग बसवताना त्याचं घर (ते बसतं ते भोक) ढिलं लागतंय

नमस्कार मंडळी. माझ्या स्क्रोल सॉमधून (बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात वळणदार आकार कापणारी करवत) महिनाभर टकटक आवाज येत होता. आधी वाटलं ब्लेडचा ताण कमी पडतोय, म्हणून तो वाढवत राहिलो. ती चूकच झाली, कारण त्याने बेअरिंगवरचा भार आणखी वाढला. शेवटी प्लग काढून, ब्लेड उतरवून हाताने वरचा आर्म हलवला तर स्पष्ट ढिलेपणा (खेळ) जाणवला.

उघडल्यावर दिसलं की मोटरच्या एक्सेंट्रिकवरून (केंद्रापासून बाजूला बसवलेला, फिरताना रॉड मागेपुढे ढकलणारा भाग) येणाऱ्या कनेक्टिंग रॉडमधलं ६०८ बेअरिंग (आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिमी) पार गेलंय. ग्रीस वाळलेलं, आत लाकडाचा बारीक भुसा. नवीन घेताना रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस घेतलंय. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड भुसा तितका अडवत नाही.

खरी अडचण पुढे आहे. रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्यात फिरत राहिल्याने भोक किंचित मोठं झालंय. नवीन बेअरिंग बोटाने दाबलं तरी आत जातं. तिथे बेअरिंग रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग भोकात घट्ट चिकटवणारं द्रव) लावलं तर सततच्या धक्क्यांत टिकेल का? की भोक मोठं करून स्लीव्ह (भोकात बसणारी धातूची नळी) ठोकणंच बरं?

आणि आर्मच्या पिव्हटला (आर्म ज्या खिळीवर हलतो तिथे) पितळी दिसणारे बुश, म्हणजे खिळीभोवतीच्या नळ्या, आहेत. तिथे आर्म पूर्ण फिरत नाही, थोडासाच मागेपुढे होतो. त्यांना पातळ तेल द्यावं की ग्रीस? हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा, मशीन माझ्या फार जवळचं आहे.