मदत हवी आहे: मोटरहोमचा पंप मागवलाय, पार्सल जागचं हलत नाही

आमच्या मोटरहोमचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) पाण्याचा पंप गेलाय. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (आतल्या लवचिक पडद्याने पाणी ओढणारा) आहे, पाण्याचा दाब ४५ पीएसआयला पोचला की आपोआप बंद होणारा, दोन्ही तोंडांना अर्धा इंची आटे. फ्यूज तपासला, गाळणी धुतली, थेट बॅटरीला जोडून पाहिला. मोटर नुसती गुरगुरते, पाणी ओढत नाही. म्हणून नवा ऑनलाइन मागवला.

ऑर्डर करताना 'स्टॉकमध्ये आहे' असं लिहिलेलं होतं, पण ट्रॅकिंगवर अजून 'लेबल तयार' एवढंच दिसतंय. म्हणजे पार्सल कुरियरच्या हाती पडलेलंच नाही. मेल केले, फोन केले. उत्तर एकच, 'लवकरच निघेल'. मला वाटतं माल त्यांच्याकडे नाहीच, उत्पादकाकडून परस्पर यायचाय.

त्याच ऑर्डरमध्ये एक लिथियम बॅटरीही आहे. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून पाठवता येत नाही हे माहीत आहे, पण तिच्यापायी पंपही अडकून पडतो का? ऑर्डर फोडून मागता येते का?

आम्ही गाडीतच राहतो आणि इथल्या कॅम्पग्राउंडची मुदत संपत आलीये. पत्ता बदलायचा तर विक्रेता ऑर्डर रद्द करायला सांगतो. कॅनने पाणी भरून भागवतोय, पण सोबत लहान मूल आहे, असं फार दिवस चालणार नाही.

पार्सल निघाल्यावर ते वाटेतच कुरियरच्या पिकअप केंद्राकडे वळवायचा कुणाला अनुभव आहे का? आणि बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्टचा पंप, दाब आणि आटे जुळत असतील तर, सरळ बसवता येईल का?