मदत हवी आहे: मागावर लक्ष राहतं, पुस्तकात का नाही?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे, सोबत सरळसेवा भरतीचा अभ्यास चालू आहे.

गंमत अशी की मागावर उभा असताना डोक्यात घरभाडं, क्रिकेट, काय वाट्टेल ते चालू असतं. तरी त्या खडखडाटात जरा वेगळा आवाज आला की पाय आपसूक त्या मागाकडे वळतात. बघावं तर सूत तुटलेलं. पण खोलीत शांत बसून राज्यघटना वाचायला घेतली की डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटतं आणि काय वाचलं विचाराल तर शून्य!

थोडं शोधलं. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांचा २०१० चा अभ्यास सापडला. फोनवरून लोकांना दिवसभरात मध्येच विचारलं, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. बाहेरचं काम नसताना मेंदूत जास्त सक्रिय होणारं 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' असतं, तेही वाचलं. म्हणजे भटकणं हा आजार नाही, एवढं कळलं. पण परीक्षेत त्याचे मार्क मिळत नाहीत.

विचारायचं हे की मन भटकलंय हे पान संपायच्या आत कसं ओळखायचं? परिच्छेद झाला की पुस्तक मिटून तो स्वतःलाच सांगायचा, याचा कुणाला फायदा झालाय का? रात्रपाळी करून अभ्यास केलेल्यांनी जरूर लिहा. फक्त 'फोन बंद ठेव' सांगू नका, तो बंदच असतो.